पक्षाचे मत आणि स्वातंत्र्याचे मत: स्कॉटलंडचे आकडे कसे वाचावेत

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, हा स्वातंत्र्यवादी पक्ष २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ५९ पैकी ४८ जागा जिंकून लंडनच्या संसदेत गेला होता; ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्याच्याकडे ५७ पैकी अवघ्या ९ जागा उरल्या. तेव्हा स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा प्रश्न निकालात निघाला असे समजायचे का, आणि तसे असेल तर जनमत चाचण्यांत जवळपास निम्मे लोक अजूनही स्वातंत्र्याच्या बाजूने का दिसतात, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो आणि त्यातील बहुतेक काळ माझे काम जनमत चाचण्यांचेच राहिले आहे: प्रश्नावली आखणे, नमुन्यात कोणाला घ्यायचे ते ठरवणे, आणि आलेल्या उत्तरांना वय, वस्ती व मागील मतदान यांनुसार भार देऊन त्यांतून खरा कल शोधणे. या कामातून बनलेले माझे मत असे, की पक्षाला पडणारे मत आणि स्वातंत्र्याला पडणारे मत ही दोन वेगळी मापे आहेत. २०१५ नंतरची काही वर्षे ती बरीचशी बरोबरीने चालली, म्हणून पत्रकार, राजकारणी आणि काही अंशी आम्ही चाचण्या घेणारेही त्यांना एकच समजू लागलो. २०२४ मध्ये त्यांची फारकत कोणालाही दिसेल इतकी उघड झाली.

ही फारकत टक्क्यांपेक्षा प्रत्यक्ष मतांच्या संख्येत अधिक चांगली कळते. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात १६,१७,९८९ लोकांनी स्वातंत्र्याला 'होय' म्हटले. आठ महिन्यांनी, मे २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, एसएनपीला १४,५४,४३६ मते पडली, म्हणजे 'होय' म्हणणारा जवळपास सगळा वर्ग या एका पक्षामागे उभा राहिला आणि पक्षाने ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. २०१९ मध्ये ही संख्या १२,४२,३८० होती. २०२४ मध्ये ती ७,२४,७५८ झाली. पाच वर्षांत पाच लाखांहून अधिक मते गेली, आणि तरीही त्याच वर्षीच्या चाचण्यांत स्वातंत्र्याला 'होय' म्हणणारे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास, कधी थोडे वर, असेच राहिले. ज्यांनी पक्ष सोडला त्यांतील बहुतेकांनी स्वातंत्र्याची इच्छा सोडलेली नव्हती.

जागांचा आकडा तर याहूनही फसवा आहे. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत एसएनपीला सुमारे ३० टक्के मते आणि ७१ पैकी ११ जागा मिळाल्या होत्या, आणि तो या चळवळीचा तोवरचा सर्वांत मोठा विजय मानला गेला. मजूर पक्षाच्या सरकारने त्या धसक्याने स्कॉटलंडला विधानसभा देण्याचा विषय गांभीर्याने पुढे रेटला. २०२४ मध्येही पक्षाला ३० टक्केच मते मिळाली, आणि त्याच टक्केवारीला दारुण पराभव म्हटले गेले. ज्याला एक मत जास्त त्याची जागा, या पद्धतीत विरोधकांची मते फुटलेली आहेत की एकवटलेली यावर सगळे अवलंबून असते, हे भारतीय वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१५ मध्ये निम्म्या मतांवर पंचाण्णव टक्के जागा मिळाल्या तेव्हा त्यांत सगळ्या स्कॉटलंडचा कौल पाहणे जितके चूक होते, तितकेच २०२४ च्या ९ जागांत चळवळीचा शेवट पाहणे चूक आहे.

आता थोडे मागे जातो, कारण 'स्वातंत्र्य' या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात वसाहतीविरुद्धचा लढा उभा राहतो आणि तो अर्थ इथे लागू पडत नाही. स्कॉटलंड ही इंग्लंडची वसाहत नव्हती. १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदांनी कायदे करून एक संयुक्त राज्य बनवले; त्यामागे स्कॉटलंडची ढासळलेली आर्थिक स्थिती होती, पनामाजवळच्या डेरियन येथे वसाहत उभारण्याच्या फसलेल्या साहसाने बुडालेले भांडवल होते, आणि स्कॉटिश सरदारांचे स्वार्थही होते. कायदा, शिक्षणव्यवस्था आणि चर्च या तीन संस्था मात्र स्कॉटलंडने स्वतःकडे राखल्या, आणि त्यामुळे राज्य गेले तरी देश म्हणून स्वतःची ओळख टिकली. पुढची अडीचशे वर्षे ब्रिटिश साम्राज्य हा या करारातला स्कॉटलंडचा मोठा लाभ होता. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होते, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटिश होते, आणि डंडी शहराच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत होत्या. साम्राज्य संपले, जहाजबांधणी आणि कोळसा गेला, तेव्हा या करारातून आपल्याला काय मिळते हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. एसएनपीची स्थापना १९३४ ची, पण १९६७ मध्ये हॅमिल्टनची पोटनिवडणूक विनी युइंग यांनी जिंकेपर्यंत त्या पक्षाला फार कोणी मोजत नव्हते, आणि १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर त्याच्या म्हणण्याला पैशाचे बळ आले.

त्यापुढची एक घटना मला महत्त्वाची वाटते, कारण पक्ष आणि ध्येय यांची फारकत तेव्हाही झाली होती. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटिश विधानसभेसाठी सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी अनुकूल मत दिले, परंतु एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट संसदेने घातली होती आणि प्रत्यक्षात तो ३२.९ टक्केच भरला. विधानसभा बारगळली. चिडलेल्या एसएनपीने मजूर सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावाला साथ दिली, ते सरकार एका मताने पडले, मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि एसएनपी ११ वरून २ जागांवर आली. पक्ष जवळपास संपला. पण स्वशासनाची मागणी संपली नाही. थॅचर यांच्या काळात ती वाढली, विशेषतः 'पोल टॅक्स' नावाचा माणशी कर १९८९ मध्ये, इंग्लंडच्या एक वर्ष आधी, स्कॉटलंडवर लादला गेला तेव्हा. १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी स्वतःची संसद मागितली आणि १९९९ मध्ये ती एडिंबरात उभी राहिली. ती उभी केली मजूर पक्षाने, एसएनपीने नव्हे. २०२४ च्या निकालाकडे पाहताना ही १९७९ ची आठवण जवळ ठेवावी असे मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

एडिंबरातील या संसदेला तिच्या जागेवरून होलीरूड म्हणतात. तिचे १२९ सदस्य दोन मतपत्रिकांच्या पद्धतीने निवडले जातात: ७३ मतदारसंघांतून आणि ५६ प्रादेशिक याद्यांमधून, जेणेकरून मते आणि जागा यांचे प्रमाण राहावे. कोणत्याही एका पक्षाला बहुमत सहज मिळू नये अशी ही रचना आहे. २००७ मध्ये एसएनपीने ४७ जागा घेऊन मजूर पक्षाच्या ४६ जागांवर निसटती आघाडी मिळवली आणि अल्पमताचे सरकार नेटाने चालवले. २०११ मध्ये त्याच रचनेत तिने ६९ जागा जिंकल्या. या विजयामागे स्वातंत्र्याची लाट होती असे आज सांगितले जाते, पण त्या वेळच्या चाचण्यांत स्वातंत्र्याचा पाठिंबा तीस-पस्तीस टक्क्यांच्या घरात होता. लोकांनी कामसू सरकार म्हणून मत दिले होते. पण बहुमत मिळाल्यावर सार्वमताची मागणी टाळता येईना, आणि १५ ऑक्टोबर २०१२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटिश सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, असलेले एसएनपीचे ॲलेक्स सॅमंड यांनी सार्वमताला वाट देणाऱ्या एडिंबरा करारावर सह्या केल्या.

त्या सार्वमताच्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण तो माझ्या धंद्याचा विषय आहे. स्कॉटिश सरकारने आधी सुचवलेला प्रश्न असा होता: 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, हे तुम्हाला मान्य आहे का?' निवडणूक आयोगाने लोकांवर तो तपासून पाहिला आणि २०१३ च्या जानेवारीत बदल सुचवला, कारण 'मान्य आहे का' असे विचारले की माणूस नकळत होकाराकडे झुकतो. अंतिम प्रश्न झाला: 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' हा बदल दिसायला एवढासा आहे, पण प्रश्नावली आखणाऱ्याला त्याची किंमत कळते. आजही काही चाचण्यांत 'युनायटेड किंग्डममध्ये राहावे की बाहेर पडावे' असे विचारले जाते, आणि त्या शब्दरचनेत स्वातंत्र्याचा पाठिंबा हमखास काही टक्क्यांनी कमी येतो. म्हणून स्कॉटलंडविषयीचा कोणताही आकडा समोर आला की त्यामागचा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता, हे आधी पाहावे. दोन वेगळ्या शब्दरचनांचे आकडे शेजारी ठेवून पाठिंबा घसरला किंवा वाढला म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर केलेली वजने ताडून पाहणे होय.

सार्वमताच्या मतदानाचा हक्क कोणाला होता, हेही मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे. तो हक्क जन्मावर नव्हे, वास्तव्यावर ठरला होता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला पण लंडनला स्थायिक झालेला माणूस मत देऊ शकत नव्हता. उलट स्कॉटलंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेले राष्ट्रकुलाचे नागरिक, म्हणजे माझ्यासारखे भारतीय पासपोर्टवाले, देऊ शकत होते. सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांनाही पहिल्यांदाच मत मिळाले. मी ग्लासगोच्या दक्षिण भागात मत दिले. एका शाळेच्या सभागृहात केंद्र होते, लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल होती, आणि मतपत्रिकेवर एक वाक्य व खाली दोन चौकटी. सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी दुपारी अशा केंद्रावर शुकशुकाट असतो. त्या दिवशी सकाळी सातच्या आधीच रांग लागली होती आणि माझ्यापुढे एक आई तिच्या सोळा वर्षांच्या मुलीला पेन्सिलने फुली कुठे करायची ते हळू आवाजात सांगत होती. मुलगी 'होय' म्हणणारी आहे आणि आई 'नाही' म्हणणारी, हे त्यांच्या कोटांवरच्या बिल्ल्यांवरून दिसत होते. दोघी हसत बाहेर पडल्या. त्या दिवशी ८४.६ टक्के मतदान झाले. लोकशाहीवरची माझी श्रद्धा ज्या काही दिवसांनी घट्ट केली, त्यांत तो दिवस येतो.

मी स्वतः 'नाही'ला मत दिले, आणि अशा विषयावर लिहिणाऱ्याने ते सांगावे असे मला वाटते. कारण चलनाचे होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी एडिंबरात येऊन स्वतंत्र स्कॉटलंडशी पाउंडची भागीदारी करणार नाही असे सांगितले आणि मजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या अर्थविषयक नेत्यांनी त्याला दुजोरा दिला. सॅमंड यांचे उत्तर, ही केवळ धमकी आहे आणि प्रत्यक्षात भागीदारी होईलच, असे होते. पर्यायी योजना कोणती, हे त्यांनी शेवटपर्यंत ठामपणे सांगितले नाही. डंडीत त्या हिवाळ्यात आम्ही घरोघर मुलाखती घेत होतो. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, तागाच्या गिरणीत उमेदीची वर्षे काढलेल्या एका आजींनी मला चहा दिला, आपण पक्क्या स्कॉटिश आहोत, लंडनच्या सरकारावर काडीचाही विश्वास नाही असे सांगितले, आणि मग दर आठवड्याला येणाऱ्या पेन्शनचे पैसे कोणत्या नाण्यात येतील ते तुमच्या कागदात लिहिले आहे का, असे विचारले. माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता. पुढच्या फेरीत मी तो घातला, आणि साठीच्या वरच्या लोकांचा कल त्याने जितका उलगडला तितका अस्मितेच्या कोणत्याही प्रश्नाने उलगडला नाही.

अस्मितेने मत ठरत नाही, हे बाहेरच्या निरीक्षकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. २०२२ च्या जनगणनेत ६५.५ टक्के लोकांनी आपली राष्ट्रीय ओळख 'फक्त स्कॉटिश' अशी नोंदवली. म्हणजे जवळपास दोनतृतीयांश. अस्मिता आणि मत एकच असते तर सार्वमत कधीच जिंकले गेले असते. प्रत्यक्षात निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७ असा 'नाही'च्या बाजूने लागला. ३२ प्रशासकीय विभागांपैकी डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर हे चारच 'होय'कडे गेले, आणि हे चारही उद्योग गेलेले, गरिबी सोसलेले भाग आहेत. एसएनपीचे जुने बालेकिल्ले असलेल्या ईशान्येकडच्या शेतीप्रधान भागांनी 'नाही' म्हटले. जिथे पक्ष बळकट होता तिथे स्वातंत्र्य हरले आणि जिथे मजूर पक्षाचे पिढीजात राज्य होते तिथे ते जिंकले. दोन मापे वेगळी असल्याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मग २०१६ आले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला, ३२ पैकी एकही विभाग बाहेर पडण्याच्या बाजूने गेला नाही, आणि तरीही इंग्लंडच्या मतांनी स्कॉटलंड बाहेर पडला. २०१४ मध्ये 'युरोपात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा' असे सांगितले गेले होते, त्यामुळे लोकांना फसवले गेल्याची भावना खरी होती. यानंतर स्वातंत्र्याचा पाठिंबा उसळेल असे सर्वांना वाटले. तो लगेच उसळला नाही, आणि का उसळला नाही याचे उत्तर एकूण आकड्यात नव्हे, त्याच्या पोटात सापडते. २०१४ मध्ये 'होय' म्हणणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी २०१६ मध्ये युरोपातून बाहेर पडण्याला मत दिले होते. लंडनची सत्ता नको तशी ब्रुसेल्सचीही नको, असे त्यांचे म्हणणे होते. यांतले बरेच जण स्वातंत्र्यापासून दूर गेले, आणि 'नाही' म्हणणारे, युरोपात राहू इच्छिणारे मध्यमवर्गीय त्याच्या जवळ आले. दोन्ही बाजूंनी लाखो लोकांनी जागा बदलली आणि बेरीज मात्र जवळपास तीच राहिली. माझ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी उलथापालथ होती, आणि वरवरच्या आकड्यांत ती दिसतच नव्हती. २०२० च्या उत्तरार्धात, कोविडच्या काळात सॅमंड यांच्यानंतर फर्स्ट मिनिस्टर झालेल्या एसएनपीच्या निकोला स्टर्जन यांची रोजची पत्रकार परिषद आणि बोरिस जॉन्सन यांचा कारभार लोक शेजारी ठेवून पाहू लागले, तेव्हा मात्र सलग अनेक चाचण्यांत 'होय' पन्नासच्या वर गेले. ते टिकले नाही. पण पाठिंबा २०१४ च्या खालीही कायमचा गेला नाही.

युरोपच्या विषयाने स्वातंत्र्याचा युक्तिवाद जसा बळकट केला तसा अवघडही केला, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. स्कॉटलंडच्या निर्यातीपैकी सुमारे साठ टक्के माल आणि सेवा उरलेल्या ब्रिटनमध्येच जातात. स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला तर ही बाजारपेठ आणि आपण यांच्यामध्ये युरोपची सीमा येईल. पैशाचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. स्कॉटिश सरकारच दरवर्षी जमाखर्चाचा जो ताळेबंद प्रसिद्ध करते त्यानुसार २०२३-२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या तेलाचे उत्पन्न धरूनही तूट सकल उत्पन्नाच्या १०.४ टक्के होती. हा हिशेब आजच्या व्यवस्थेचा आहे, स्वतंत्र देशाचा नव्हे, असे स्वातंत्र्यवादी म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण स्वतंत्र देशाला पहिल्या दिवशी याच आकड्यापासून सुरुवात करावी लागेल, हेही बरोबर आहे. स्वतंत्र स्कॉटलंड कसा असेल हे मांडणाऱ्या स्कॉटिश सरकारच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या आसपास धरला होता आणि स्वातंत्र्यदिन २४ मार्च २०१६ ठरवला होता. २०१६ च्या आरंभी तो भाव ३० डॉलरच्याही खाली गेला होता. त्या वेळी 'होय' म्हटलेल्या माझ्या कितीतरी मित्रांनी हा आकडा मनावर घेतला. मत बदलले नाही, पण पुढच्या वेळी हिशेब पक्का हवा असे ते म्हणू लागले.

आता पक्ष का कोसळला याकडे येतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की लंडनच्या संमतीवाचून होलीरूडला सार्वमताचा कायदा करता येणार नाही. स्टर्जन यांनी त्यासाठी १९ ऑक्टोबर २०२३ ही तारीखसुद्धा जाहीर केलेली होती. दार बंद झाल्यावर पुढची सार्वत्रिक निवडणूकच सार्वमत मानावी अशी कल्पना त्यांनी मांडली, पण पक्षातच ती सर्वांना पटली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर पक्षाच्या निधीची पोलीस चौकशी जाहीरपणे गाजली. २०२५ च्या मार्चमध्ये स्टर्जन यांच्यावर कारवाई होणार नाही असे पोलिसांनी स्पष्ट केले, पण मधल्या दोन वर्षांत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास असलेली सदस्यसंख्या ७२,१८६ वर आल्याचे पक्षाला कबूल करावे लागले. स्टर्जन यांच्या जागी आलेले हमजा युसूफ यांनी एप्रिल २०२४ मध्ये ग्रीन पक्षाशी असलेला सत्तेतील सहकार्याचा करार मोडला आणि स्वतःचे पदही गमावले. मे २०२४ मध्ये जॉन स्विनी फर्स्ट मिनिस्टर झाले तेव्हा निवडणूक दोन महिन्यांवर होती.

परंतु माझ्या मते या नाट्यमय घटनांपेक्षा सतरा वर्षांच्या सत्तेचा साधा शिणवटा अधिक महत्त्वाचा आहे. बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटींचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये ९.७ कोटी पाउंडांत दोन बोटींचे कंत्राट दिले गेले. त्यांतली पहिली, 'ग्लेन सॅनॉक्स', प्रत्यक्ष सेवेत आली जानेवारी २०२५ मध्ये, आणि खर्च मूळ रकमेच्या कितीतरी पट झाला. ॲरन बेटावर हॉटेल किंवा दुकान चालवणाऱ्या माणसाला फेरी रद्द झाली की त्या दिवसाचा धंदा बुडतो, आणि त्याचा दोष तो लंडनला देऊ शकत नाही, कारण फेरी हा होलीरूडचा विषय आहे. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या आणि शाळांची कामगिरी यांचेही तेच. विद्यापीठाचे शुल्क नाही, औषधांच्या चिठ्ठीला पैसे नाहीत, या गोष्टी लोक मानतात. पण त्या जुन्या झाल्या आणि आता गृहीत धरल्या जातात. 'तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता' असे आम्ही विचारतो तेव्हा महागाई आणि आरोग्यसेवा वर येतात आणि स्वातंत्र्य बरेच खाली. एसएनपीने २०२४ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच ओळीत स्वातंत्र्य घातले होते. हुजूर पक्षाचे सरकार घालवण्याची संधी समोर असताना, स्वातंत्र्य हवे असलेल्या लोकांपैकीही लक्षणीय भागाने त्या दिवशी मजूर पक्षाला मत दिले, आणि बरेच जण घरीच बसले. मतदान ५९ टक्क्यांवर आले होते.

याची उलट बाजूही तितकीच जपून वाचली पाहिजे. ५ जून २०२५ रोजी हॅमिल्टन, लार्कहॉल आणि स्टोनहाउस या मतदारसंघात होलीरूडची पोटनिवडणूक झाली. विनी युइंग यांच्या १९६७ च्या विजयाचीच ही भूमी. मजूर पक्ष जिंकला, एसएनपी दुसरी आली, आणि रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने सुमारे २६ टक्के मते घेऊन तिसरी जागा मिळवली. ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्यांची मते अशी तीन-चार पक्षांत वाटली जाऊ लागली, तर एसएनपी तेहतीस-पस्तीस टक्क्यांवरही मतदारसंघांमागून मतदारसंघ जिंकू शकते. तसे जिथे झाले तिथे जागांवरून 'स्वातंत्र्याची लाट परतली' असा निष्कर्ष काढू नये. २०२४ मध्ये लाट ओसरल्याचा निष्कर्ष ज्या कारणाने चूक होता त्याच कारणाने हाही चूक ठरेल.

वयाचा मुद्दा आपण विचारला नव्हता, पण तो टाळता येत नाही. पस्तिशीच्या आतल्या लोकांत स्वातंत्र्याला स्पष्ट बहुमत आहे आणि पासष्टीच्या पुढे स्पष्ट विरोध. म्हणून केवळ काळ गेला की प्रश्न आपोआप सुटेल, असे चळवळीतले काही जण म्हणतात. मला हे पुरते पटत नाही. २०१४ नंतर वृद्ध मतदारांची एक फळी गेली आणि तरुणांची नवी फळी आली, तरी एकूण पाठिंबा त्या प्रमाणात चढलेला नाही. २०१४ मध्ये पंचविशीत असलेले आज गृहकर्जाचे हप्ते भरतात, आणि हप्ता कोणत्या चलनात भरायचा हा डंडीच्या आजींचा प्रश्न आता त्यांचाही झाला आहे. तरी त्यांच्यापैकी बहुतेकांनी 'होय' सोडलेले नाही, हेही नोंदवतो.

राहता राहिला मार्गाचा प्रश्न. २०१४ चे सार्वमत 'पिढीतून एकदाच' होते असे ब्रिटिश सरकारे सांगत आली आहेत. ते शब्द श्वेतपत्रिकेत आणि नेत्यांच्या भाषणांत होते, एडिंबरा करारात नव्हते, आणि कायद्यात तर नाहीतच. उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्यात निकष लिहिलेला आहे: बहुसंख्य लोक एकीकृत आयर्लंडच्या बाजूने मत देतील अशी शक्यता मंत्र्यांना दिसली, तर त्यांनी सार्वमत घेतलेच पाहिजे, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर हवे. त्याच वर्षी झालेल्या स्कॉटलंडच्या कायद्यात असे काहीही नाही. किती टक्के पाठिंबा, किती वर्षे टिकला, आणि तो कशावरून मोजायचा, निवडणुकीतल्या जागांवरून, मतांवरून की चाचण्यांवरून, हे कोठेही ठरलेले नाही. मी त्या दिवशी 'नाही' म्हटले असले, तरी हा निकष शब्दांत लिहून काढला जावा असे मला मनापासून वाटते. कारण तो नाही तोवर प्रत्येक निवडणुकीत लोकांच्या फेरीबोटींवरच्या, रुग्णालयांवरच्या मतावर स्वातंत्र्याच्या मताचा शिक्का मारला जाईल, आणि आपल्यासारख्या अभ्यासकाला दोन्ही मते पुन्हा हाताने वेगळी करत बसावे लागेल.